नळीतलं मीठ

आमचे सासरे धाकटीवर आजवर एकदाही ओरडलेले नाहीत. एकदाही नाही! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ही बाई उगाच डूख धरून बसते. धरलाय मी डूख. कारण आहे म्हणून धरलाय.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर बोटीवर नोकरीला, कधी येतो कधी जातो त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून घरात माणसं चारच: सासरे, आमचे हे, मी आणि ती. वर घर, खाली दुकान. दुकान बंदुका दुरुस्त करायचं. सासरे सगळी हयात त्या खालच्या टेबलाशी उभे राहिले. लोक त्यांना बंदूकवाले म्हणूनच ओळखतात आणि मला बंदूकवाल्यांची थोरली. आमचे हे बस चालवतात, त्यांना बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे सासऱ्यांच्या हाताखाली मी. लग्न होऊन आले तेव्हापासून मीच.

आणि ओरडून घेणारीही मीच. सासऱ्यांचा आवाज असा आहे की समोरच्या न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबतो. "बावळट कुठची!" हे माझ्यासाठीचं ठरलेलं. पाना चुकीचा दिला, बावळट कुठची. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, बावळट कुठची. एकदा मी नुसती शिंकले तर त्यांच्या हातातला स्क्रू पडला, तेव्हाही मीच बावळट. शिंकेला काय मी आमंत्रण दिलं होतं?

आणि धाकटीला? "बस हं, बाळ. दमली असशील." "राहू दे, बाळ, मी घेतो." त्यांचा चहाचा आवडता कप होता, कोणी हात लावलेला खपत नसे. तो हिच्या हातून फुटला. मी मनात म्हटलं, आता बघ गंमत. तर म्हणतात कसे, "असू दे हं, बाळ. हात भाजला नाही ना तुझा?" आणि वर मला, "बघत काय उभी राहिलीस? केर काढ आधी!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोडला कोणी, झाडतंय कोण!

धाकटी नेमबाज आहे. लग्नाआधीपासून क्लबात जाते, नवी कोरी रायफल, नवी काडतुसं, पदकं बिदकं. सासऱ्यांना तिच्या नेमाचं काय कौतुक! गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी सुनेचं पदक, मग बंदुकीचं दुखणं. सून म्हणजे ती. दुसरी सून तिथंच हातात तेलाची बाटली घेऊन उभी असते, पण ती दिसायला माणसाला चांगले डोळे लागतात. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत, असं मी माझी समजूत घालते.

आता ती रायफल. सासऱ्यांच्या वडिलांची, जुनी, काडतूस आत ढकलणारा बोल्ट हाताने मागे ओढायची, दस्ता अक्रोडाचा. जड इतकी की खांद्याला घेतली की माणूस एका बाजूला कलतो. एरवी ती कपाटात असते. वर्षातून एकदा क्लबात जुन्या रायफलींची स्पर्धा भरते, त्या दिवशी बाहेर निघते. त्या स्पर्धेचा नियम असा की रायफल जुनी तर काडतूसही जुनंच हवं. क्लबाच्या कोठारात लष्कराच्या जुन्या साठ्यातल्या पेट्या आहेत, त्यातली काडतुसं सगळ्यांना वाटतात.

आणि तिथंच सगळी मेख आहे. त्या जुन्या काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, जिच्यावर टाचणी आपटून बार उडतो, तिच्यातल्या दारूत एक असलं द्रव्य असतं, की ते जळालं की मागे मीठ उरतं. नळीत, बोल्टच्या तोंडावर, सगळीकडे. डोळ्यांना दिसत नाही. आणि मिठाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, दमट दिवसात बरणीतसुद्धा पाणी सुटतं त्याला. तसंच ते नळीत बसून हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंड खातं. एका रात्रीत नळी तांबडी होते. आणि तेलाने ते मीठ जात नाही! तेलात मीठ विरघळतं का कधी? वरून तेल चोपडलं की मीठ खाली छान पांघरूण घेऊन बसतं. त्याला पाणीच लागतं. कढत पाणी, किटलीतून थेट नळीत. पाणी मीठ घेऊन जातं, लोखंड तापतं, तापलं की आपोआप वाळतं. मग कोरड्या चिंध्या, मग तेल. हे नव्या काडतुसांना लागत नाही, म्हणून हल्लीच्यांना माहीतच नसतं.

मला हे सासऱ्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे ओरडून शिकवलं. पहिल्या वर्षी मी नरसाळं तिरकं धरलं आणि अर्धी किटली दस्त्यात. "बावळट कुठची! लाकडाला पाणी पाजतेस? नरसाळं सरळ!" अख्ख्या रस्त्याने ऐकलं. वर जाऊन रडले मी. पण दस्ता पुसून वाळवला, आणि त्यांनी पुन्हा नरसाळं माझ्याच हातात दिलं. दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही.

तेव्हापासून दर वर्षी स्पर्धेहून आले की खाली किटली ठेवायची. ती वाजली की ते नळी उभी धरणार, बादलीत तोंड खाली करून, आणि मी नरसाळं लावून ओतणार. राखाडी पाणी येतं आधी, कुबट वास मारतं. मग पांढरट, मग स्वच्छ. आणि तेवढा वेळ सासरे बोलतात. एरवी दुकानात कामाशिवाय अक्षर नाही. पण त्या दिवशी बोलतात. सासूबाई गेल्या तेव्हाचं, स्वतःच्या वडिलांचं, ह्यांनी लहानपणी बोल्टमध्ये बोट अडकवून घेतलं होतं ते. माझ्याशी बोलतात. हल्ली डोळे अधू झाल्यापासून नळी खिडकीकडे धरून म्हणतात, "बघ गं, काय दिसतं?" मी आत बघते आणि सांगते, "आरशासारखी आहे, बाबा." आणि ते माझ्या शब्दावर रायफल कपाटात ठेवतात.

मला नेमाची हौस कधीच नव्हती. मला ती एक संध्याकाळ हवी असायची. बस.

या वर्षी सासरे म्हणाले, "माझे डोळे आता लक्ष्य धरत नाहीत. धाकटी मारेल." मी म्हटलं मारू दे. मारणं तिचं काम आहे. मनात टोचलं, नाही कशाला म्हणू, पण गिळलं. स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून धुकं, हवा ओली, भिंती घामाघूम. दोघं गेली आणि दुपारी परत आली ती हसतच. पहिली आली होती बाईसाहेब. सासऱ्यांचे पाय जमिनीवर नव्हते. दारातूनच न्हाव्याला हाक, "अहो, ऐकलंत का, पहिली आली आमची!" न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीत सोडून आला.

मी किटलीत पाणी भरत होते. तोच धाकटी आली, केस बांधत. "ताई, आज तुम्ही बसा. मी मारलीय, मीच साफ करते."

मी सासऱ्यांकडे बघितलं. म्हटलं आता म्हणतील, छे छे, ते थोरलीचं काम आहे. तर ते रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेले, न्हाव्याला गोळ्या कुठे कुठे बसल्या ते हवेत बोटाने दाखवत. मान न वळवता म्हणाले, "करू दे गं तिला. हौस आहे."

हौस! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतकी वर्षं मी काय हौस म्हणून हात पोळवले का? पण बोलले नाही. किटली सिंकपाशी ठेवली तशीच. हात पुसले आणि स्टुलावर जाऊन बसले. बसा म्हणालीस ना? ही बसले बघ.

आणि तिने काय सुंदर साफ केली म्हणून सांगू! तेच तर मला जास्त लागलं. स्वतःची पेटी आणली, मऊ कापडं, पितळी ब्रश, नळीत घालायचा गज, कानात घालायच्या कापसाच्या काड्या. बोल्ट काढला, एकेक खाच पुसली. गज मागच्या बाजूनेच घातला, नळीच्या तोंडाला धक्का न लावता. बाटलीतलं महागडं तेल चिंधीवर घ्यायचं, नळीतून फिरवून बाहेर काढायची, नवी चिंधी, पुन्हा तेल. काळं निघत गेलं, मग फिकट, मग पांढरी शुभ्र चिंधी. इतका वेळ मी कधी दिला नव्हता. नळीवर घामाचा थेंब पडेल म्हणून मध्ये मध्ये बाही कपाळावर फिरवत होती.

"आमचे कोच म्हणायचे," ती मला म्हणाली, "पाण्याचा थेंबसुद्धा लोखंडाला लागता कामा नये."

अगं वेडे, म्हणायचं होतं मला. ते नव्या काडतुसाचं. यात मीठ आहे. वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. किटली हाताच्या अंतरावर, पाणी भरलेली. गॅस पेटवायचा आणि चार शब्द बोलायचे, एवढंच होतं काम.

तेवढ्यात सासऱ्यांनी मान वळवली आणि विचारलं, "झालं का, बाळ?" आणि ती म्हणाली, "होत आलं, बाबा." आणि ते म्हणाले, "वा! हात चांगला आहे हं तुझा." हात चांगला आहे! दिसत तर काही नव्हतं त्यांना तिथून. मला कधी म्हणाले होते हात चांगला आहे म्हणून? एकदा तरी?

मी मूग गिळून बसले. मनात म्हटलं, सकाळी बघा चांगला हात. सकाळी चिंधी तांबडी आली की कळेल. मग फुटू दे तो आवाज एकदा तिच्यावर. मग म्हणू दे बावळट कुठची. मला फक्त तेवढं एकदा कानांनी ऐकायचं होतं.

तिने रायफल कपाटात ठेवली. सासरे उठले, तिच्या पाठीवर थोपटलं आणि जिना चढले. जिन्याच्या मध्यावर क्षणभर थांबले, मागे बघितलं, सिंककडे की कुठे कोण जाणे. मग गेले वर.

वर स्वयंपाक करताना माझं लक्ष कशाला लागतंय! ह्यांनी ड्यूटीवरून येऊन बूट काढले आणि नाक फुगवून म्हणाले, "काहीतरी जळतंय."

"जळत नाहीये मी."

"अगं, तुला कोण म्हणतंय? पातेलं बघ."

भाजी तळाशी कोळसा झाली होती. ह्यांना हसू आवरेना. "कोण पहिलं आलं ते न्हाव्याने सांगितलं मला," म्हणाले. "तेव्हाच म्हटलं, आज घरी करपलेलं मिळणार." मी पातेलं त्यांच्यासमोर आदळलं. त्यांनी मुकाट्याने खाल्लं बिचाऱ्यांनी. सासरे मात्र जेवताना गप्प होते. न्हाव्यापाशी एवढे बोलले, पण ताटावर अक्षर नाही. मला वाटलं दमले असतील. धाकटीने त्यांना विचारलं, "बरं वाटत नाही का, बाबा?" तर म्हणाले, "बरं आहे हं, बाळ. तू जेव." आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून ताट खरवडत होते.

झोप कुठली लागायला. आडवी पडले की डोळ्यांसमोर नळी. ती माझीही होती की नाही? इतकी वर्षं मी तिच्यात डोळा लावून "आरशासारखी आहे" म्हटलं होतं. आता ते मीठ बसलंय आत, ओल पितंय. उठावं, खाली जावं, किटली ठेवावी. दोनदा पाय खाली सोडले. आणि दोन्ही वेळा कानात तेच, हात चांगला आहे हं तुझा. पाय पुन्हा वर घेतले.

सकाळी ह्यांची पहिली फेरी असते. त्यांना डबा दिला आणि जिना उतरले. म्हटलं सासरे उठायच्या आत आपणच बघू कितपत झालंय. दार उघडून बघते तर दुकानातला दिवा लागलेला. सासरे टेबलाशी. रायफल पुढ्यात, बोल्ट बाहेर. हातात गज आणि गजाच्या टोकाला चिंधी. ती चिंधी त्यांनी नाकाशी धरली होती. रंग दिसत नव्हता ना नीट, म्हणून वास घेत होते.

"कोण? थोरली का?"

"हो, बाबा."

"ये. बघ, काय दिसतं?"

त्यांनी नळी खिडकीकडे धरली. मी डोळा लावला. मला माहीत होतं काय दिसणार, रात्रभर तेच बघत होते, तरी डोळा पुसून पुन्हा लावला. नळीतले वळणदार आटे जिथं चमकायचे तिथं तांबूस बुरा. आणि मागे, जिथं काडतूस बसतं त्याच्या पुढ्यात, काळपट ठिपके.

"गंज आहे," मी म्हटलं.

"किती?"

"नळीभर. वरवरचा आहे, निघेल. मागे थोडा खोल गेलाय. तिथे डाग राहतील."

त्यांनी मान हलवली. हाताने नळी कुरवाळली, वरून, जशी काही बाहेरूनच कळणार होती. त्यांच्या वडिलांची रायफल ती. मला वाटलं आत्ता रडतील. आणि तेवढ्यात धाकटी आली खाली, जांभई देत, चहाचे कप घेऊन. तिने चिंधी बघितली. कप ठेवले.

"हे काय? मी तर पांढरी चिंधी येईपर्यंत..."

आता, मी म्हटलं. आता होऊ दे. मी मुद्दाम कपाटाला टेकून उभी राहिले. तिच्यावर फुटलेला आवाज मला नीट ऐकायचा होता.

"या काडतुसात मीठ असतं," सासरे म्हणाले. "ते पाण्याने धुवावं लागतं. तुला ठाऊक नव्हतं. असू दे हं, बाळ."

असू दे! मी डोळे मिटून घेतले. रायफल गंजवली तरी असू दे! मग त्या बोटीवरच्या दिराने येऊन हिला आणखी डोक्यावर बसवली तरी काय बिघडलं!

पण धाकटीचा चेहरा बघा तुम्ही. लालबुंद झाली, आणि एकदम तिचा बांध फुटला.

"असू दे काय, बाबा? ओरडा ना मला! तुमच्या वडिलांची रायफल मी गंजवली आणि तुम्ही असू दे म्हणता? ताईंनी साधा पाना चुकीचा दिला तर अख्खा रस्ता गोळा करता. मी तुमचा कप फोडला तर हात भाजला नाही ना. मी काय पाहुणी आहे या घरात? आल्यापासून बघतेय. ताईंशी तुम्ही घरच्यासारखं वागता, आणि माझ्याशी असं, शेजारच्यांची मुलगी आल्यासारखं. मला जळायला होतं, ताई!" हे शेवटचं माझ्याकडे बघून. "तुम्हाला बावळट म्हणतात ना, मला जळायला होतं!"

मी उभीच. कपाटाचा कोपरा पाठीत रुतत होता, तरी हलले नाही. म्हणजे हीपण? माझ्यावर? त्या बावळटवर? इतके दिवस मी जे अंगाला लागू नये म्हणून मान खाली घालत होते, ते हिला हवं होतं! माझं डोकंच चालेना. म्हटलं, घे की मग, सगळं घे, पाने, स्क्रू, शिंका. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, नाही, नाही देणार.

सासरे खुर्चीत बसले. गजावरची चिंधी काढून तिची घडी घातली. मग ते माझ्याकडे वळले.

"तू होतीस ना काल इथं?"

"हो."

"ती तेलाने करत होती, ते बघत होतीस?"

"हो, बाबा."

"मी वाट बघत होतो," ते म्हणाले. "पाठ होती माझी, पण कान होते. म्हटलं आता किटली वाजेल. आता वाजेल. नाही वाजली. मग वाटलं, आधीच धुतली असेल, गप्पांत माझ्याच लक्षात आलं नसेल. थोरली होती म्हटल्यावर काळजी कसली."

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. तिच्या लक्षात यायला लागलं होतं.

"तुला माहीत होतं ना?" सासऱ्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. मी वरून चहा आणायला गेले होते, मी बघितलंच नाही, काहीही. पण त्या माणसासमोर मला नळीबद्दल खोटं बोलता येत नाही. "माहीत होतं," मी म्हटलं. "मला वाटलं, एकदा तरी तिला ओरडाल."

आणि मान आवळून उभी राहिले. आता येणार होता. वर्षानुवर्षांची सवय असते मानेला, आवाज यायच्या आधीच ती खांद्यांत जाते. न्हाव्याने नुकतंच दुकान उघडलं होतं, त्यालाही ऐकू जाणार होतं. जाऊ दे. ऐकू दे सगळ्यांना. मला हवाच होता तो. ओरडले असते, बावळट कुठची म्हणाले असते, चार दिवस बोलले नसते, मी रडले असते, आणि मग सगळं होतं तसं झालं असतं.

"बरं," सासरे म्हणाले.

एवढंच. मग उठले. "किटली ठेवा. जेवढा निघेल तेवढा काढू."

मी गॅस पेटवला. कालचं पाणी किटलीत तसंच होतं. धाकटीने बादली आणली, मी चिंध्या फाडल्या, सासऱ्यांनी पितळी ब्रश तेलात बुडवून गजाला लावला. किटली वाजली तेव्हा तिघंही दचकलो.

सासऱ्यांनी नळी उभी धरली, फडक्यात गुंडाळून. नरसाळं टेबलावर होतं. मी हात पुढे केला, सवयीने. पण त्यांनी ते उचललं आणि धाकटीच्या हातात दिलं. "तू धर. ती ओतेल."

तिने धरलं. मी ओतायला लागले. पाणी आधी तांबडं आलं, गढूळ, बादलीत पडताना तोच कुबट वास. मी सासऱ्यांकडे बघितलं. म्हटलं आता बोलतील काहीतरी, सासूबाईंचं, वडिलांचं. ओठ मिटलेले. वाफेने धाकटीचा हात सरकला आणि नरसाळं कललं. दस्त्याच्या कडेवरून पाण्याची धार.

"बावळट कुठची!"

अहो, काय आवाज! टेबलावरचे कप थरथरले. समोर न्हाव्याच्या दुकानात काहीतरी खाली पडलं. "लाकडाला पाणी पाजतेस? सरळ धर! सरळ!"

माझे हात आपोआप सरळ झाले. दोन्ही हातांत किटली होती. माझ्याकडे नव्हते बघत ते. तिच्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून चिडलेले. आणि धाकटी? डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "हो, बाबा. सरळ, बाबा." तिने नरसाळं असं घट्ट धरलं होतं की कोणी काढून घेईल की काय.

माझे शब्द होते ते. जसेच्या तसे, माझे. लाकडाला पाणी पाजतेस, हेसुद्धा माझं. इतकी जळले ना मी त्या क्षणी, की आदल्या दिवशीचं सगळं जळणं त्यापुढे काहीच नव्हतं. मी काय केलं असेल? मुद्दाम किटली जास्त वाकडी केली. बदाबदा ओतलं. नरसाळं भरून पाणी काठावरून उसळलं, टेबलावर, त्यांच्या फडक्यावर, जमिनीवर. ओरडा, मी मनात म्हणत होते. ओरडा की आता. घ्या, ही बघा, सगळा पसारा केला.

सासऱ्यांनी फडकं बदललं. नळी पुन्हा नीट उभी धरली. आणि माझ्या बाजूला तोंड करून, हळू, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सावकाश ओत हं, बाळ. हात भाजेल तुझा."

मी सावकाश ओतलं.